मार्कोवाचे युझेफ उल्मा

दरवर्षी २४ मार्च रोजी पोलंडमध्ये, जर्मन अंमलाखाली ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश नागरिकांचा राष्ट्रीय स्मृतिदिन पाळला जातो. संसदेने २०१८ साली केलेल्या कायद्यान्वये हा दिवस निश्चित करण्यात आला. या तारखेच्या निवडीमागे आग्नेय पोलंडमधील मार्कोवा या गावात १९४४ साली घडलेली एक घटना आहे. त्या दिवशी पहाटे एका लहानशा लाकडी घरात आणि त्याच्या अंगणात जर्मन पोलिसांनी सोळा जणांना गोळ्या घातल्या. त्यांतील आठ जण ज्यू होते. उरलेले आठ म्हणजे त्यांना आसरा देणारे शेतकरी युझेफ उल्मा, त्यांच्या पत्नी विक्तोरिया आणि या दांपत्याची सहा मुले. विक्तोरिया त्या वेळी गरोदर होत्या आणि त्यांचे दिवस भरत आले होते. त्यामुळे मृतांची संख्या सतरा मानली जाते.

युझेफ उल्मा यांचे नाव आज जगभर घेतले जाते ते त्यांच्या मृत्यूमुळे. परंतु त्यांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहिले, तर ही हत्या घडली नसती तरीही आपल्या पंचक्रोशीत दीर्घकाळ आठवणीत राहावा असाच हा माणूस होता, हे ध्यानात येते.

२ मार्च १९०० रोजी मार्कोवा येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पोलंड स्वतंत्र झाला तेव्हा युझेफ अठरा वर्षांचे होते. गावच्या शाळेत चार इयत्तांपर्यंत त्यांचे शिक्षण झाले. पुढे लष्करातील सक्तीची सेवा पूर्ण करून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे गावातील बहुतेक तरुण संसाराला लागलेले असतात त्या वयात, त्यांनी पिल्झ्नो येथील कृषी विद्यालयात प्रवेश घेतला आणि अतिशय चांगल्या गुणांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला.

गावी परतल्यावर त्यांनी शिकलेली विद्या शेतात उतरवली. मार्कोवात धान्य आणि बटाटा पिकवणारे शेतकरी पुष्कळ होते, परंतु भाजीपाला आणि फळझाडांची रोपवाटिका सुरू करणारे उल्मा हे पहिलेच. त्यांनी मधमाश्या पाळल्या आणि त्यांच्यासाठीच्या पेट्या स्वतःच्या कल्पनेने तयार केल्या. तुतीची झाडे लावून त्यांनी रेशीमकिड्यांचे संगोपन केले. १९३३ साली प्शेवोर्स्क येथे भरलेल्या जिल्हा कृषी प्रदर्शनात मधपेट्यांच्या व मधुमक्षिकापालनाच्या अवजारांच्या कल्पक रचनेबद्दल, तसेच रेशीमकिड्यांचे संगोपन आणि त्यांच्या जीवनक्रमाचे तक्ते यांबद्दल त्यांना पारितोषिके मिळाली. रेशीमकिडे पाळणारे इतरही असतील, परंतु त्यांचा जीवनक्रम तक्त्यांवर काढून लोकांना समजावून सांगण्याची हौस फार थोड्यांना असते. उल्मा यांचा पिंडच शिक्षकाचा होता.

विजेविषयीही त्यांना मोठे कुतूहल होते. गावात रॉकेलचे दिवे जळत होते त्या काळात त्यांनी एक छोटी पवनचक्की उभारून आपल्या घरापुरती वीज निर्माण केली. फावल्या वेळात ते पुस्तकांची बांधणी करत. त्यांच्या स्वतःच्या संग्रहात विज्ञान, विद्युततंत्र, छायाचित्रण आणि दूरदेशीच्या लोकांविषयीची पुस्तके होती. शेतकरी तरुणांच्या संघटनेत ते सक्रिय होते. तेथील ग्रंथालयाचे काम त्यांनी सांभाळले आणि काही काळ गावातील सहकारी दूध संस्थेचे व्यवस्थापनही केले. मार्कोवा हे सहकाराच्या बाबतीत पुढारलेले गाव होते. पोलंडमधील पहिली ग्रामीण आरोग्य सहकारी संस्था १९३०च्या दशकात याच गावात स्थापन झाली आणि उल्मा तिचेही सभासद होते.

मात्र गावकऱ्यांच्या स्मरणात ते राहिले मुख्यतः छायाचित्रकार म्हणून. पहिला कॅमेरा त्यांनी स्वतःच जुळवला होता, असे सांगितले जाते. लग्ने, धार्मिक समारंभ, नाटकांचे प्रयोग, शेतातील कामे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलेबाळे असे सर्व काही त्यांनी टिपून ठेवले. मार्कोवातील अनेक घरांत त्यांनी काढलेली छायाचित्रे जपून ठेवण्यात आली आहेत. युद्धपूर्व पोलिश खेड्याच्या जीवनाचा इतका विपुल आणि जिव्हाळ्याचा चित्रसंग्रह त्याच खेड्यातील एका शेतकऱ्याने तयार करावा, ही गोष्ट दुर्मीळच म्हटली पाहिजे. त्यांनी सर्वाधिक छायाचित्रे काढली ती स्वतःच्या पत्नीची आणि मुलांची. विक्तोरिया मुलाला लिहायला शिकवत आहेत, एका ओळीत उभ्या केलेल्या मुलांमध्ये धाकटे मूल भलतीकडेच पाहत आहे, अंगणात कपडे वाळत आहेत, अशी ती चित्रे आहेत.

७ जुलै १९३५ रोजी युझेफ यांचा विवाह विक्तोरिया नीमचाक यांच्याशी झाला. त्या त्याच गावच्या आणि पतीपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या. लहानपणीच त्यांच्या आईचे निधन झाले होते. शेजारच्या गाच या गावी शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी चालवल्या जाणाऱ्या लोकविद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले होते आणि गावच्या हौशी नाट्यमंडळात त्या भूमिका करत. लग्नानंतरच्या सात वर्षांत स्तानिस्वावा, बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रांचिशेक, अन्तोनी आणि मारिया अशी सहा मुले झाली. वाढत्या कुटुंबाला मार्कोवातील तुटपुंजी जमीन पुरणार नाही हे ओळखून उल्मा यांनी पूर्वेकडे सोकाल शहराजवळ पाच हेक्टर जमीन विकत घेतली. तेथे स्थलांतर करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि पूर्वेचा तो भाग सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेला. उल्मा कुटुंब मार्कोवातच राहिले.

युद्धापूर्वी मार्कोवाची लोकसंख्या सुमारे साडेचार हजार होती आणि त्यात सुमारे १२० ज्यू होते. छोटी दुकाने आणि गुरांचा व धान्याचा व्यापार हे त्यांचे मुख्य व्यवसाय होते आणि काहींच्या थोड्याफार जमिनीही होत्या. आक्रमणाच्या वेळी संपूर्ण पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख ज्यू राहत होते. युद्ध संपेपर्यंत त्यांतील सुमारे तीस लाख मारले गेले.

व्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना मदत करणे म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी एक आदेश लक्षात घ्यावा लागेल. जर्मन गव्हर्नर जनरल हान्स फ्रांक याने १५ ऑक्टोबर १९४१ रोजी काढलेल्या त्या आदेशानुसार, नेमून दिलेली वस्ती सोडून बाहेर पडणाऱ्या ज्यूंना आणि त्यांना जाणूनबुजून आसरा देणाऱ्यांनाही मृत्युदंड ठेवण्यात आला. प्रत्यक्षात ही शिक्षा अनेकदा संपूर्ण कुटुंबाला दिली जाई. आसरा देणाऱ्याला केवळ जर्मनांचीच भीती नव्हती. शेजारी चुगली करतील, लाचेच्या आशेने कोणी धमकावेल, गावावर संकट येईल म्हणून गावकरीच विरोधात जातील, या सर्व शक्यता त्याला गृहीत धराव्या लागत.

१९४२च्या उन्हाळ्यात वान्त्सुत शहर आणि आसपासच्या गावांतील ज्यूंना गोळा करून बेल्झेत्स येथील संहार छावणीकडे पाठवण्यात आले. या एका छावणीत सुमारे साडेचार लाख माणसे मारली गेली. जे हाती लागले नाहीत ते शेतांत, जंगलांत आणि ओळखीच्या घरांत लपले. उल्मा यांनी अशाच एका ज्यू कुटुंबातील स्त्रियांना ओढ्याकाठच्या घळीत जमिनीखाली लपण्याची जागा तयार करून देण्यास मदत केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांच्या आदेशावरून मार्कोवात लपलेल्या ज्यूंचा शोध घेण्यात आला. त्या शोधात गावातील माणसेही सामील होती. सापडलेल्यांना गावच्या कोठडीत डांबण्यात आले आणि नंतर जर्मन पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. घळीत लपलेल्या त्या स्त्रियाही वाचल्या नाहीत. मार्कोवाच्या इतिहासाचे हे पान उल्मा यांच्या कथेच्या शेजारीच ठेवून वाचले पाहिजे.

पकडले गेलेल्यांचे काय झाले, हे उल्मा यांना पूर्णपणे ठाऊक होते. तरीही १९४२च्या उत्तरार्धात त्यांच्या घरी आठ ज्यू राहू लागले. वान्त्सुतचे गुरांचे व्यापारी साउल गोल्डमन आणि त्यांचे चार मुलगे, तसेच मार्कोवाच्याच हाइम गोल्डमन यांच्या दोन मुली गोल्दा ग्रुनफेल्ड आणि लेआ दिदनर असे हे लोक होते. लेआ यांच्यासोबत त्यांची लहान मुलगीही होती.

गावाच्या टोकाला असलेल्या त्या छोट्या घराच्या माळ्यावर या आठ जणांची सोय करण्यात आली. खाली उल्मा दांपत्य आणि मुले राहत. सोळा माणसांचे जेवण करावयाचे, तेही युद्धकाळातील टंचाईत आणि जर्मनांना सक्तीने द्यावे लागणारे धान्य वजा जाता उरलेल्या शिधावर. पाणी, लाकूडफाटा, धुणे आणि स्वच्छता यांचा भार विक्तोरिया यांच्यावर पडला असणार, हे उघड आहे. या घटनेच्या बहुतेक वृत्तांतांत त्यांचा उल्लेख पतीच्या मागोमाग येतो. प्रत्यक्षात दीड वर्षाच्या या व्यवहाराचा प्रत्येक दिवस त्यांच्या हातून गेला होता. गोल्डमन बंधू युझेफ यांना कातडी कमावण्याच्या कामात मदत करत आणि लाकडे फोडून देत. करवतीने ओंडके कापणाऱ्या या तरुणांचे एक छायाचित्रही उपलब्ध असून, ते उल्मा यांनीच काढले असे मानले जाते. अशा परिस्थितीत गावातील कोणालाच काही ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे. घरात नेहमीपेक्षा बरेच अधिक सामान येते, हे शेजाऱ्यांच्या लक्षात आले होते.

उल्मा यांनी हा निर्णय का घेतला, याविषयी त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या घरातील बायबलची प्रत मात्र उपलब्ध आहे. जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या दृष्टांतकथेचे शीर्षक त्यात लाल रंगाने अधोरेखित केलेले असून, शेजारी होकारार्थी एकच पोलिश शब्द लिहिलेला आहे.

या कुटुंबाचा घात कोणी केला, याचा पूर्ण न्यायालयीन पुरावा नाही. तथापि पोलिश भूमिगत चळवळीचा आणि नंतरच्या संशोधकांचा संशय वान्त्सुत येथील पोलीस शिपाई व्लोजिमिएश लेश याच्यावर आहे. जर्मनांच्या हुकमतीखालील पोलिश पोलीस दलात तो काम करत होता. गोल्डमन कुटुंबाने आपली काही मालमत्ता त्याच्या हवाली केली होती. मदतीच्या मोबदल्यात ती घेतल्यानंतर त्याने हात आखडता घेतला आणि ती परत करण्यासही नकार दिला, असे सांगितले जाते. मालक जिवंत राहिले तर मालमत्ता परत मागतील, हे त्याला समजत होते. हत्येच्या काही दिवस आधी छायाचित्र काढून घेण्याच्या निमित्ताने तो उल्मा यांच्या घरी येऊन गेला होता, अशीही माहिती आहे.

२३ मार्च १९४४च्या रात्री वान्त्सुतच्या जर्मन पोलीस ठाण्याने काही गाडीवानांना घोडागाड्या घेऊन हजर राहण्याचा हुकूम दिला. ठाण्याचा प्रमुख लेफ्टनंट आयलर्ट डीकेन याच्या नेतृत्वाखाली जर्मन पोलीस आणि काही पोलिश शिपाई मध्यरात्रीनंतर मार्कोवाकडे निघाले. गाडीवानांना घरापासून काही अंतरावर थांबवण्यात आले. पुढे जे घडले त्याची माहिती मुख्यतः या गाडीवानांच्या साक्षींतून मिळते, कारण इतरांना धडा मिळावा म्हणून हत्या पाहण्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावण्यात आले होते.

सर्वप्रथम ज्यूंना मारण्यात आले. त्यांतील काही झोपेतच होते. त्यानंतर युझेफ आणि विक्तोरिया यांना घराबाहेर आणून गोळ्या घालण्यात आल्या. आईवडिलांच्या प्रेतांजवळ मुले आक्रोश करू लागली. त्यांचे काय करावयाचे यावर पोलिसांनी आपसांत थोडी चर्चा केली आणि डीकेनने त्यांनाही मारण्याचा आदेश दिला. थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची होती, तर धाकटी मारिया दीड वर्षाची. योसेफ कोकोट या तरुण पोलिसाने त्यांतील तीन किंवा चार मुलांना स्वतः गोळ्या घातल्या. गावचे प्रमुख तेओफिल किएलार यांना माणसे घेऊन प्रेते पुरण्यासाठी बोलावण्यात आले. मुलांना का मारले, असे त्यांनी विचारले असता, गावाला त्यांचा त्रास होऊ नये म्हणून, असे उत्तर डीकेनने दिले.

त्यानंतर घर लुटण्यात आले. मृतांच्या अंगावरील मौल्यवान वस्तूंचीही झडती घेण्यात आली आणि लूट वाहून नेण्यासाठी गाड्या वापरण्यात आल्या. तेथेच पोलिसांनी दारूही प्यायली. ज्यू आणि उल्मा कुटुंबीय यांना वेगवेगळ्या खड्ड्यांत पुरण्याची परवानगी गावकऱ्यांनी विनवण्या करून मिळवली. सुमारे आठवडाभराने गावातील पाच जणांनी बंदी असतानाही रात्रीच्या अंधारात उल्मा यांची प्रेते उकरून काढली आणि शवपेट्यांत ठेवून पुन्हा त्याच जागी पुरली. विक्तोरिया यांच्या प्रसूतीला मृत्यूच्या वेळी सुरुवात झाली होती, हे त्या वेळी उघड झाले. जानेवारी १९४५ मध्ये कुटुंबाचे अवशेष गावच्या दफनभूमीत हलवण्यात आले. आठ ज्यूंचे अवशेष १९४७ साली काढून यागेला गावाजवळील युद्धबळींच्या दफनभूमीत नेण्यात आले.

या हत्येने मार्कोवात भीतीचे वातावरण पसरले, यात शंका नाही. ज्या इतर घरांत ज्यू लपलेले होते, त्यांनी काय करावे हा प्रश्न प्रत्येक चुलीपाशी उभा राहिला असेल. तरीही शिलार, बार, त्स्विनार आदी शेतकरी कुटुंबांनी आपल्याकडील माणसांना बाहेर काढले नाही. चार महिन्यांनी, १९४४च्या जुलै अखेरीस, सोव्हिएत फौजा या भागात पोहोचल्या तेव्हा मार्कोवातील घरांमधून सुमारे वीस ज्यू जिवंत बाहेर आले. त्यांच्यापैकी काही पुढे इस्रायल, कॅनडा व अन्य देशांत स्थायिक झाले.

पोलंड आणि महाराष्ट्र यांचा युद्धकाळातील संबंध मराठी वाचकांना ठाऊक आहे, तो कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीमुळे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते आले होते सोव्हिएत संघातील हद्दपारीतून. त्यांच्या मायदेशात त्याच वर्षांत काय चालले होते, याचे एक चित्र मार्कोवात दिसते.

हत्येतील दोषींपैकी लेश याला पोलिश भूमिगत चळवळीने सप्टेंबर १९४४ मध्ये ठार केले. कोकोट चेकोस्लोव्हाकियात सापडला. १९५८ साली जेशुव येथे त्याच्यावर खटला चालून त्याला फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. ती कमी करून पुढे पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलण्यात आली आणि १९८० साली तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. हत्येचा आदेश देणारा डीकेन मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीत, एसेन्स या आपल्या गावी परतला आणि पुन्हा पोलीस सेवेत रुजू झाला. १९६० साली त्याचे निधन झाले. त्याच्यावर कधीही खटला चालला नाही.

कम्युनिस्ट राजवटीच्या दीर्घ काळात उल्मा यांची आठवण मुख्यतः गावापुरती आणि नातेवाइकांपुरती राहिली. १९९५ साली इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने युझेफ आणि विक्तोरिया यांना राष्ट्रांमधील नीतिमान हा सन्मान मरणोत्तर प्रदान केला. या सन्मानाच्या यादीत सात हजारांहून अधिक पोलिश नागरिक असून, कोणत्याही एका देशाची ही सर्वाधिक संख्या आहे. २००४ साली, हत्येच्या साठाव्या स्मृतिदिनी, मार्कोवात स्मारक उभारण्यात आले. मार्च २०१६ मध्ये ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश नागरिकांचे संग्रहालय उल्मा कुटुंबाच्या नावाने सुरू झाले. १० सप्टेंबर २०२३ रोजी कॅथॉलिक चर्चने मार्कोवातील सोहळ्यात या संपूर्ण कुटुंबाला धन्य घोषित केले. अद्याप नाव न मिळालेल्या सातव्या अपत्याचाही त्यात समावेश करण्यात आला. आईच्या हत्येच्या वेळी ते जन्माला आले, असा खुलासा व्हॅटिकनने केला होता.

या गौरवाबरोबर वादही आला आहे. उल्मा यांच्यासारख्यांची उदाहरणे राष्ट्रीय पातळीवर पुढे करताना, ज्यूंना पकडून देणाऱ्या पोलिश नागरिकांचा इतिहास झाकला जातो, असा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला आहे. उल्मा यांच्या धैर्याबद्दल मात्र या इतिहासकारांचे दुमत नाही. ज्या गावात उल्मा यांनी आठ जणांना ठेवून घेतले, त्याच गावातील माणसे डिसेंबर १९४२ मध्ये शोधासाठी बाहेर पडली होती, आणि त्याच गावात वीस माणसे वाचलीही.

मार्कोवाच्या संग्रहालयात, मध्यभागी काचेची एक खोली असून उल्मा यांच्या घराची मूळ आकारातील प्रतिकृती तेथे उभारलेली आहे. बायबलची ती प्रत आणि युझेफ यांनी काढलेली अनेक छायाचित्रे तेथे पाहावयास मिळतात. हत्येनंतर त्या घरात सापडलेले ज्यू स्त्रियांचे एक छायाचित्रही त्यांत आहे. त्यावर रक्ताचे थेंब पडलेले आहेत.